तेलाची किटली

"हिचा फोटो कसा येईल, सर?"

मॅडमनी एवढंच विचारलं. आवाज चढवला नाही. रागावल्याही नाहीत. कापडाच्या दुकानात एखादा रंग नको म्हणून बाजूला सारतात, तसं विचारलं.

मी त्यांच्यासमोर उभी होते. हातात मशाल. सरावाची, न पेटवलेली. मैदानाची फेरी मारून नुकतीच त्यांच्या खुर्चीपुढं येऊन थांबले होते. सरांनी शिकवलं होतं तशी. मान ताठ, हात सरळ. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता आणि मी तो पुसत नव्हते, कारण मशाल हातात असताना दुसरा हात हलवायचा नसतो.

मॅडम म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी. शाळेत त्यांचा हुद्दा काय होता ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. पण त्या आल्या की मुख्याध्यापक खुर्ची सोडायचे. त्यांनी मला वरून खाली पाहिलं. मग खालून वर. मधे थांबल्या. कुठं थांबल्या ते मला कळलं. मुलींना हे बरोबर कळतं.

"पेपरात फोटो येतो, पाहुणे असतात. कुणीतरी उंच, सडपातळ मुलगी बघा ना. जरा नाजूक."

आमचे खेळाचे सर हसले. याच सरांनी वर्षभर माझ्या जिवावर शाळेत ढाली आणल्या होत्या. ते म्हणाले, "बरोबर आहे, मॅडम. हिला आपण तेलाला ठेवू. मशालीमागं किटली घेऊन पळायला दमदार कुणीतरी लागतंच." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "काय डंपर, जमेल ना?"

रांगेतली पोरं हसली. पोरीही हसल्या. मी पण हसले. अपमान झाला की आपणच आधी हसून घ्यायचं, हे त्या शाळेत मी पहिल्याच वर्षी शिकले होते.

आमच्या शाळेची एक रीत होती. वर्षभराच्या स्पर्धांत ज्याचे गुण सगळ्यांत जास्त, त्यानं क्रीडासंमेलनाच्या दिवशी पेटती मशाल घेऊन मैदानाला फेरी मारायची आणि चौथऱ्यावरची ज्योत लावायची. मी नववीत होते. गोळाफेक माझी. थाळीफेक माझी. आणि लांब पल्ल्याची शर्यतसुद्धा माझी, जी माझ्यासारख्या मुलीला जिंकता येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. प्रार्थनेच्या वेळी माझं नाव पुकारलं होतं. टाळ्या वाजल्या होत्या. मशाल मला कुणी कौतुकानं दिलेली नव्हती, मी ती कमावली होती.

ती माझ्या हातातून काढून रांगेतल्या उंच, सडपातळ शाल्मलीच्या हातात दिली. माझ्या हातात चहावाल्याकडं असते तसली एक किटली आली. त्यात करडईचं तेल.

माझं अंग कन्नड तालुक्याकडचं. कन्नडहून आत, घाटाच्या बाजूला आमचं गाव. सातवीपर्यंत मी तिथं होते. विहिरीचं पाणी वाहिलं, कापूस वेचला, कडब्याचे भारे डोक्यावरून आणले. माझे खांदे त्यात घडलेले. गावातल्या बाया आईला म्हणायच्या, "पोरगी कशी खणखणीत हाय तुझी! दृष्ट काढत जाय तिची." मग वडिलांना शहरात कंपनीत काम लागलं आणि आम्ही पुंडलिकनगरला दोन खोल्यांत राहायला आलो. अंग तेच होतं. मी काही वेगळं खाल्लं नाही, काही वेगळं केलं नाही. एसटीत बसले तेव्हा खणखणीत होते, उतरले तेव्हा जाडी झाले.

शाळेचा खेळाचा पोशाख आणायला आई मला औरंगपुऱ्यात घेऊन गेली होती. दुकानातल्या चाचांनी टेप काढला, माझ्या खांद्यावरून फिरवला आणि मान हलवली. "नक्को बाजी, लड़कियों में इस नाप का नै आता. जेंट्स में देख लेव." चाचा वाईट बोलले नाहीत. जे होतं ते सांगितलं. पण दुकानातल्या बायका वळून बघायला लागल्या आणि मला वाटलं, आत्ताच्या आत्ता बाहेर पळावं. मुलांचा ट्रॅकसूट घेतला. गडद निळा. वाटेत आई म्हणाली, "बरंच झालं. सैल हाय. अंग दिसायचं नाय."

आईची धास्ती निराळी होती. ती मला पळू नको म्हणत नव्हती. "पळ, पण झाकून पळ," म्हणायची. "अन् खांदे लई रुंद करू नको, माय. उद्या बघायला आलेली माणसं नाकं मुरडतील." शाळेला मी नाजूक हवी होते. आईला झाकलेली हवी होते. मैदानानं मात्र मला कधीच काही म्हटलं नाही. गोळा हातात घेतला की मी जाडी नव्हते, काळी नव्हते, कुणाची उद्याची सून नव्हते. गोळा मानेला टेकवायचा, जोर पायातून वर आणायचा आणि सोडायचा. बस. तेवढ्यापुरतं माझं अंग माझं असायचं.

आमच्या वर्गातल्या पोरी आठवीपासून मैदानावरून एकेक करून नाहीशा झाल्या. कबड्डीत पोरांना लोळवणारी एक होती. छाती हलते म्हणून पोरं शिट्ट्या मारायला लागली, तर ती खेळाच्या तासाला कायम पोट दुखतंय सांगून लिंबाखाली बसायला लागली. दुसरी उन्हात काळी पडते म्हणून आईनं बंद केलेली. ज्या थोड्या पळायच्या, त्या बारीक व्हायला पळायच्या. पळायला आवडतं म्हणून पळणारी पोरगी मला दिसेना. पोरांचंही फार वेगळं नव्हतं. ती जिममध्ये जाऊन कसलीतरी पावडर खायची आणि शर्टाची वरची बटणं उघडी टाकून फिरायची. मैदानात फेरी मारायला सांगितली की त्यांना धाप लागायची. पण त्यांना कुणी किटली दिली नाही.

मशाल गेली त्या दिवशी मी रडले नाही. मी ठरवलं की बारीक व्हायचं. आजही या गोष्टीचा सगळ्यांत जास्त राग येतो. मला त्यांचा राग यायला हवा होता आणि मला माझ्या पोटाचा आला. मला खरंच वाटलं, संमेलनाला अजून वेळ आहे, तोवर मी वाळले तर मॅडम मशाल परत देतील.

भाकरी अर्धी केली. डब्यातली भाजी मैत्रिणीला द्यायला लागले. मधल्या सुट्टीत पोरी बोलत होत्या, की पोटाला प्लास्टिक गुंडाळून पळलं की चरबी वितळते. त्यांच्याकडं स्वयंपाकघरात गुंडाळीचं पातळ प्लास्टिक असायचं, फ्रीजमधल्या भांड्यांवर लावायचं. आमच्या घरात असलं काही नव्हतं. आमच्या घरात गोण्या होत्या. गावाकडून गहू, बाजरी आणायला ठेवलेल्या युरियाच्या गोण्या, आणि त्यांच्या आतलं पांढरं प्लास्टिकचं अस्तर. गावाकडं पावसात आम्ही हेच डोक्यावर घ्यायचो. आईनं धुऊन घडी घालून ठेवलेली अस्तरं वर होती. त्यातलं एक गेलं तर तिला कळेल म्हणून मी खालच्या न धुतलेल्या गोणीतलं ओढून काढलं.

ते पोटाला आवळून, वर बनियन, वर ट्रॅकसूट, असं रोज सकाळी पुंडलिकनगरच्या मोकळ्या प्लॉटांवर पळत होते. घाम यायचा. आत चुरचुरायचं. मला वाटायचं चरबी वितळतेय. अस्तराला चिकटलेलं खत घामात विरघळत होतं आणि माझी कातडी खात होतं. आधी खाज, मग लाल चट्टे, मग फोड. फोड फुटले तरी मी पळतच होते.

एक दिवस अंघोळीला गेले आणि आतून माझी किंकाळी ऐकून आई धावत आली. दार ढकलून बघते तर कमरेभोवती सगळं सोललेलं.

"काय केलंस गं हे, बाई?"

"बारीक व्हायचं होतं."

"कुणाला पायजे तू बारीक?"

"सगळ्यांना," मी म्हणाले.

आई खाली बसली आणि रडायला लागली. खोबरेल लावता लावता रडत होती. मला ते बघवेना. ती गप्प व्हावी म्हणून मी म्हणाले, "आई, संमेलनात मला काम दिलंय. मशालीला तेल घालायचं."

आईचा हात थांबला. चेहरा एकदम उजळला. "आं? म्हंजी मानाचं काम की गं! गोंधळात दिवटीला तेल घालतेत, तसंच ना?"

आमच्याकडं लग्नानंतर घरात देवीचा गोंधळ घालतात. गोंधळ्याच्या हातात पेटती दिवटी असते आणि घरातलं माणूस पुढं होऊन तिच्यावर तेल घालतं. तेल घालणाऱ्याला लोक वाट करून देतात. दिवटी विझू द्यायची नसते, ती जबाबदारी त्याची. आईच्या डोळ्यांपुढं ते होतं. मी तिला काय सांगणार होते?

"व्हय," मी म्हणाले. "तसंच."

तिनं शेजारपाजारी सांगितलं. वडिलांची त्या दिवशी कंपनीत पाळी होती, पण आपण नक्की येणार, असं तिनं मला बजावून सांगितलं.

शाळेत सर मला ते मानाचं काम शिकवत होते. "शाल्मलीच्या मागं राहायचं. ज्योत मंदावली की पुढं यायचं, तेल घालायचं आणि लगेच मागं. आणि कमरेतून वाक. अजून वाक. फोटोत तुझं डोकं येता कामा नये." कमरेतून वाकलं की ट्रॅकसूटचं इलॅस्टिक सोललेल्या कातडीवर घासायचं. मी दात आवळून वाकायची. सर म्हणायचे, "शाब्बास डंपर."

शाल्मलीचा मला भयंकर राग यायचा. गोरी, उंच, डॉक्टरांची मुलगी. पण सरावाच्या एका दिवशी ती पाण्याच्या टाकीमागं उलट्या करताना मला सापडली. उलटीत अन्न नव्हतंच. नुसतं पाणी आणि लिंबू. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती म्हणाली, "ड्रेस बसला पाहिजे ना. मॅडमनी पाठवलाय. मला घट्ट होतोय." मी विचारलं, "तू आधी अडथळ्यांची शर्यत पळायचीस ना? का सोडलीस?" ती तोंड पुसत म्हणाली, "आई म्हणाली, मांड्या जाड होतात."

त्या दिवसापासून तिचा राग करणं जमेना. तिचंही अंग तिच्या हातात नव्हतं.

संमेलनाच्या दिवशी मैदानावर चुन्याच्या रेषा. मांडव. पाहुणे. पहिल्या रांगेत मॅडम. शेवटी दोरीमागं पालकांची गर्दी आणि तिथं आमची आई, लग्नकार्यात नेसायची ती हिरवी साडी नेसून. मला बघून तिनं हात वर केला.

मशाल पेटवली. शाल्मली पळायला लागली. मी तिच्या मागं, किटली घेऊन, वाकून. पहिल्या वळणावर ज्योत मंदावली. मी पुढं झाले, तेल घातलं, मागं झाले. ऊन चढलेलं होतं. पालकांच्या बाजूला आलो तेव्हा मी आईकडं बघितलं नाही. पण ती मला दिसलीच. तिचा हात वर होता आणि तो हळूहळू खाली येत होता. तिच्या पोरीचं डोकं कुणाच्या तरी पाठीमागं दडवलेलं होतं. तिला कळलं. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मांडवासमोर आलो आणि शाल्मलीचे पाय गेले. ती पडली नाही, बसली. भिंतीवरून ओला सदरा खाली घसरतो, तशी. मशाल आडवी झाली. मी किटली खाली ठेवून मशाल उचलली, दुसऱ्या हातानं तिचा दंड धरला. ती म्हणाली, "तू जा. तूच घेऊन जा. मला नाही होत."

सर धावत आले. मला वाटलं पाणी आणलं असेल. त्यांनी आधी फोटोवाल्याकडं पाहिलं, मग मला म्हणाले, "तिच्या हातात दे मशाल. उठव तिला. तू मागून धरून चाल. दिसू नकोस. वाक. वाक म्हणतो ना!"

सर आणि मी, दोघंही मांडवापुढच्या निवेदनाच्या माईकशेजारी होतो. माईक चालू होता.

तिची मान लटकत होती आणि हे तिला उभी करा म्हणत होते. मला उभी असताना वाक म्हणत होते. काहीतरी आतून सुटलं. त्या शाळेत मी 'नाही' म्हणायला शिकले होते, 'नाय' म्हटलं की वर्ग हसायचा म्हणून. त्या वेळी तोंडातून जे आलं ते गावाकडचं आलं. सगळ्या मैदानावर ऐकू गेलं.

"नाय वाकत."

आणि मी पळाले नाही. मला ती फेरी नको होती. असल्या मैदानाला कशाला फेरी मारायची? मशाल मातीत टेकवली आणि विझवली. किटलीतलं तेल विझलेल्या मशालीशेजारी ओतून दिलं. मग शाल्मलीला खांद्याचा आधार देऊन, कडेच्या लिंबाखाली सावलीत नेऊन बसवलं. खांदे रुंद होते, तिचा भार सहज पेलला. चौथऱ्यावरची ज्योत त्या वर्षी लागली नाही.

तासाभरात आई आणि मी मुख्याध्यापकांच्या खोलीत उभ्या होतो. मॅडम बसल्या होत्या. "पाहुण्यांसमोर शाळेची अब्रू घालवली हिनं. माफी मागायला सांगा."

आईनं हात जोडले होते. ती मला हळूच म्हणाली, "माग बाई माफी. शाळा हाय."

मी म्हणाले, "मशाल माझी होती."

"काय म्हणालीस?" मॅडम म्हणाल्या.

"मशाल माझी होती. गुण माझे होते. आधी ते सांगा, मग माफीचं बघू."

त्यांनी ते काही सांगितलं नाही. जिल्ह्याच्या स्पर्धांना जाणाऱ्या शाळेच्या संघातून माझं नाव काढलं, ते मात्र तिथल्या तिथं सांगितलं. सर खाली बघत होते.

आम्ही रिक्षानं घरी आलो. आईनं हिरव्या साडीची घडी घातली, ट्रंकेत ठेवली आणि झाकण लावता लावता म्हणाली, "मला वाटलं, मान दिलाय तुला."

तेवढंच. त्या वाक्यानं मला जे झालं ते मॅडमच्या सगळ्या बोलण्यानं झालं नव्हतं. मी ढसाढसा रडले. आई जवळ आली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "बास झाला आता खेळ. लोकांनी आपल्याला बघायचं, हसायचं, अन् आपण कातडी सोलून घ्यायची. काय मिळतंय त्यात?"

"खेळ मिळतोय," मी म्हणाले. "खेळ सोडणार नाय मी."

ती अबोला धरून बसली. पुष्कळ दिवस. शाल्मली पुन्हा कधी मैदानावर आली नाही. मला कुणी मशाल आणून दिली नाही. दहावी होईपर्यंत शाळेनं मला एकाही स्पर्धेला पाठवलं नाही. मी पुंडलिकनगरच्या प्लॉटांवर एकटी पळत राहिले, पोटाला काही न बांधता. पोरं कट्ट्यावरून 'डंपर, डंपर' ओरडायची. मी मान खाली घातली नाही. सोपं नव्हतं. रोज घरातून निघताना दाराशी थांबून बुटाची नाडी पुन्हा बांधायचे. अजूनही, नव्या मैदानावर पहिलं पाऊल टाकताना बांधते.

आज मी कन्नड तालुक्यातल्या एका शाळेत खेळ शिकवते. कमरेभोवतीची कातडी अजून काळी आहे, खवल्यासारखी. मध्यंतरी शाळा समितीतले एक साहेब मैदानावर आले. समोर पोरी संचलनाचा सराव करत होत्या. सगळ्यांत पुढं झेंडा घेऊन जी होती ती वर्षभर पहिली आलेली. जाडी आहे. काळी आहे. दात पुढं आहेत. साहेब बराच वेळ बघत राहिले आणि मग अगदी हळू, सभ्य आवाजात म्हणाले, "बाई, पुढं जरा दुसरी कुणी घेता येईल का? फोटोच्या दृष्टीनं म्हणतो."

पोरीनं ते ऐकलं. मी तिच्याकडं बघत होते. ती हसायला लागली होती. आपणच आधी हसून घ्यायचं, तसलं हसू. ते हसू मी ओळखते.

"हसू नको," मी तिला म्हणाले. "झेंडा वर धर."

मग साहेबांकडं वळले. नोकरी जाईल का, बदली होईल का, हे माझ्या मनात आलं. नक्कीच आलं. तरी बोलले.

"पुढं हीच राहणार, साहेब. फोटो बिघडत असेल, तर कॅमेरा घरी ठेवून या."